व्हाइटलिस्टमधला पत्ता खरा कशावरून?

माझ्याकडे सोपवलेल्या मेल सर्व्हरवर प्रेषकांची व्हाइटलिस्ट, म्हणजे कोणाच्या मेलला तपासणीतून सूट द्यायची त्याची यादी, आधीपासून होती. पोस्टफिक्स या मेल सर्व्हर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये 'सेंडर ॲक्सेस' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल. डावीकडे पत्ता किंवा डोमेन, उजवीकडे 'ओके'. "त्यांचे मेल येत नाहीत, तेवढं बघा" असं कोणी म्हटलं की त्यात एक ओळ वाढायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. ओळ कोणी मागितली, का घातली, तो पाठवणारा आज अस्तित्वात तरी आहे का, यातलं काहीच कुठे लिहिलेलं नव्हतं. फुकट मेल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांची अख्खी डोमेन त्यात होती. आणि यादीच्या मधोमध आमच्या स्वतःच्या संस्थेचं डोमेन होतं, पुढे तेच 'ओके'.

ती ओळ वाचली तेव्हाच ठरवलं की या यादीला ठिगळं लावायची नाहीत, ती नव्याने लावायची. त्या एका ओळीचा अर्थ असा होता की जगातल्या कुठल्याही मशीनने आमच्याच संचालकांचा पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी लिहिला, तर ब्लॉकलिस्टपासून (स्पॅम पाठवणाऱ्या मशीनची यादी) ग्रेलिस्टिंगपर्यंतच्या (अनोळखी मेल आधी तात्पुरता परतवून पुन्हा यायला लावणं) पुढच्या सगळ्या चाचण्या त्याला माफ. आमचे लोक बाहेरून मेल पाठवतात तेव्हा ५८७ पोर्टवर, म्हणजे आपल्या लोकांसाठीच्या वेगळ्या दाराने, पासवर्ड देऊन पाठवतात. त्यांना या सवलतीची गरज कधीच नव्हती. तिचा उपयोग फक्त तोतयाला होता.

मुळात एसएमटीपीमध्ये, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या प्रोटोकॉलमध्ये, पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे पाठवणाऱ्याने केलेला दावा. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ हा त्याच्या नियमांचा दस्तऐवज लिहिला, त्यात संवादाची जी रीत घालून दिली तीच २००८च्या आरएफसी ५३२१ मध्येही आहे: समोरचा सर्व्हर नमस्कार करतो, 'मेल फ्रॉम' म्हणून एक पत्ता देतो, 'आरसीपीटी टू' म्हणून ज्याला पाठवायचं त्याचा पत्ता देतो, मग मजकूर. 'मेल फ्रॉम'च्या पुढे काय लिहायचं हे पूर्णपणे त्याच्या हातात. प्रोटोकॉल पुरावा मागत नाही. म्हणजे केवळ पत्ता बघून सवलत देणारी यादी ही दाव्यावर ठेवलेला विश्वास आहे, आणि असा विश्वास किती द्यायचा, कशाच्या बदल्यात द्यायचा, हे ठरवणं हेच माझ्या मते या कामातलं खरं काम.

सुरुवात मी लॉगपासून, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीपासून केली. "मेल येत नाही" या तक्रारीमागे किमान पाच-सहा वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाची सवलत वेगळ्या ठिकाणी द्यावी लागते. लॉगमधली नकाराची ओळ साधारण अशी दिसते:

पोस्टफिक्स/एसएमटीपीडी: नोक्यू: रिजेक्ट: आरसीपीटी फ्रॉम अननोन[१९२.०.२.२५]: ४५० … क्लायंट होस्ट रिजेक्टेड: कॅनॉट फाइंड युअर होस्टनेम

या एका ओळीत बरंच काही आहे. 'नोक्यू' म्हणजे मेल रांगेत आलाच नाही, दारातच थांबवला. 'अननोन' म्हणजे त्या आयपीला, कंसातल्या मशीनच्या आकडी पत्त्याला, उलट डीएनएस नोंद (आकड्यावरून मशीनचं नाव सांगणारी) नाही, किंवा आहे पण त्या नावावरून पुन्हा शोधलं तर तोच आयपी मिळत नाही. ४५० हा तात्पुरता नकार, म्हणजे समोरचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करील. ५५० किंवा ५५४ असता तर मेल लगेच पाठवणाऱ्याकडे परत गेला असता. सगळ्यांत महत्त्वाचा शब्द मात्र अगदी सुरुवातीला आहे: 'एसएमटीपीडी', म्हणजे नकार पोस्टफिक्सच्या मेल स्वीकारणाऱ्या भागाने दिला. तिथे 'पोस्टस्क्रीन' असेल तर प्रेषकांच्या यादीत कितीही ओळी घाला, फरक पडणार नाही. पोस्टस्क्रीन हा पोस्टफिक्सचा पुढचा पहारा. २.८ आवृत्तीत, म्हणजे २०११ मध्ये तो आला. ब्लॉकलिस्ट आणि घाईने, आपली पाळी येण्याआधीच बोलणारे बॉट (आपोआप स्पॅम पाठवणारे प्रोग्रॅम) यांची चाचणी तो जोडणी होताच करतो. पाठवणाऱ्याचं नाव तोवर पुढे आलेलंच नसतं. तिथे सवलत द्यायची तर ती आयपीलाच, 'पोस्टस्क्रीन ॲक्सेस लिस्ट'मध्ये.

जुन्या यादीतल्या बऱ्याच ओळी याच कारणाने निरुपयोगी होत्या. नकार पोस्टस्क्रीनने दिलेला, ओळ मात्र सेंडर ॲक्सेसमध्ये. मेल कधीतरी येऊ लागला तो समोरच्याचा आयपी ब्लॉकलिस्टमधून निघाला म्हणून, पण श्रेय या ओळीला गेलं आणि ती कायमची बसली.

दुसरा मोठा गोंधळ दिसणाऱ्या पत्त्याचा. लेखा विभागातून मला एका बिलं पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता मिळाला, मेल प्रोग्रॅमच्या पडद्यावरून जसाच्या तसा उतरवून घेतलेला. तो पत्ता यादीत आधीपासूनच होता आणि तरी बिलं अडकत होती. आधी पोचलेलं एक बिल उघडून त्याचे पूर्ण हेडर, म्हणजे मजकुराच्या वरच्या तांत्रिक ओळी काढल्या. 'फ्रॉम'मध्ये बिलिंग, मग ॲट, मग त्या सेवेचं डोमेन. 'मेल फ्रॉम'चा पत्ता जिथे नोंदला जातो त्या 'रिटर्न पाथ'मध्ये मात्र बाउन्स हा शब्द, त्यापुढे आकड्यांची लांब माळ, त्यात आमच्या कर्मचाऱ्याचा पत्ता '=' या चिन्हाने गुंफलेला, आणि डोमेन तर तिसऱ्याच एका मेल पाठवणाऱ्या कंपनीचं. पडद्यावर दिसतो तो पत्राच्या आतला मायना. पोस्टफिक्सची 'चेक सेंडर ॲक्सेस' ही चाचणी बघते लिफाफा, म्हणजे 'मेल फ्रॉम'. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असायलाच हवा असं नाही. शिवाय प्रत्येक मेलला लिफाफ्यावरचा पत्ता नवा, कारण परत आलेला मेल नक्की कोणाचा हे त्यांना त्यावरूनच कळतं. अशा ठिकाणी पूर्ण पत्ता लिहून उपयोग शून्य.

तेव्हापासून मी कोणाकडूनही नुसता पत्ता घेत नाही. नाकारलेल्या मेलची साधारण वेळ आणि ज्याला यायचा होता त्याचा पत्ता मागते. त्यावरून लॉगमध्ये नकाराची ओळ सापडते आणि तिच्या शेवटी 'फ्रॉम इज इक्वल टू' म्हणून लिफाफ्यावरचा खरा पत्ता असतो.

आता जागेचा प्रश्न, आणि इथे मी सगळ्यांत जास्त वेळ दिला. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये चाचण्यांच्या वेगवेगळ्या याद्या असतात: क्लायंटची (जोडणी करणारं मशीन), हेलोची (त्याचा नमस्कार), सेंडरची (पाठवणारा), रिलेची (मेल बाहेर पुढे पाठवणं), रिसीपियंटची (ज्याला पाठवायचं तो). फाइलमध्ये प्रत्येकीच्या आधी एसएमटीपीडी आणि शेवटी रिस्ट्रिक्शन्स हे शब्द अंडरस्कोअरने जोडलेले असतात. मूळ सेटिंगनुसार नकार 'आरसीपीटी टू'पर्यंत लांबवला जातो, त्यामुळे या सगळ्या याद्या व्यवहारात एकाच टप्प्यावर, एकीमागून एक तपासल्या जातात. त्यातला नियम असा की 'रिजेक्ट' आला की सगळंच संपलं, पण 'ओके' आला तर फक्त ती यादी संपते. पुढची यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

म्हणजे व्हाइटलिस्ट सेंडरच्या यादीत आणि ब्लॉकलिस्टची चाचणी रिसीपियंटच्या यादीत असेल, तर 'ओके' मिळालेला प्रेषकही ब्लॉकलिस्टवर अडकतो. फाइल वाचून वाटतं की सवलत दिली आहे, आणि प्रत्यक्षात दिलेली नसते. ज्या चाचणीतून सूट द्यायची, ती चाचणी आणि सूट एकाच यादीत, सूट आधी आणि चाचणी नंतर, अशीच रचना लागते.

मग ही सूट रिसीपियंटच्या यादीत अगदी पहिली का टाकू नये? कारण त्याच यादीत जर 'रिजेक्ट अनऑथ डेस्टिनेशन' असेल, म्हणजे "आमच्या डोमेनसाठी नसलेला मेल घेऊ नका" ही ओळ, तर तिच्या आधी आलेला 'ओके' तिलाही ओलांडून जातो. मग व्हाइटलिस्टमधला पत्ता 'मेल फ्रॉम'मध्ये टाकून कोणीही आमच्या सर्व्हरमधून जगभर मेल पाठवू शकतो. ओपन रिले तयार व्हायला एवढंच पुरतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीत पोस्टफिक्सने यासाठी रिलेची वेगळी यादी काढली, ती याच धोक्यामुळे: रिसीपियंटच्या यादीत स्पॅमविरोधी नियमांशी खेळताना रिलेचं दार चुकून उघडू नये. पण जुन्या आवृत्तीवरून चढत आलेल्या सर्व्हरवर ही नवी यादी मुद्दाम रिकामी ठेवता येते, आणि आमच्याकडे ती रिकामीच होती. म्हणून पहिला बदल तोच केला. रिलेच्या यादीत आपलं नेटवर्क, पासवर्ड देऊन आलेले, आणि त्यानंतर बाहेरच्या पत्त्यांना नकार. ते पक्कं झाल्यावरच बाकीच्याला हात लावला.

सवलतीची यादी मी मग रिसीपियंटमध्येच ठेवली, पण जागा ठरवून. आधी आपलं नेटवर्क आणि लॉगिन केलेले लोक. मग रिलेचा नकार पुन्हा एकदा, दुहेरी कडी म्हणून. मग जो पत्ता आमच्याकडे नाहीच त्याचा नकार, कारण नसलेल्या पेटीसाठीचा मेल घेऊन मागाहून परत पाठवणं वाईट. ज्याच्या नावाने खोटा मेल आला त्याच्या माथी तो जातो. त्यानंतर प्रेषकांची सवलत. आणि तिच्याखाली उलट डीएनएस, ब्लॉकलिस्ट, ग्रेलिस्टिंग. म्हणजे सवलत मिळाली तरी ती खालच्या तीन गोष्टींचीच, वरच्यांची कोणालाही नाही.

एवढं झाल्यावरही मूळ प्रश्न उरलाच: यादीतला पत्ता कोणीही लिहू शकतो. पोस्टफिक्समध्ये याला चांगलं उत्तर आहे आणि ते फार कमी ठिकाणी वापरलेलं दिसतं. यादीत 'ओके' लिहायच्या ऐवजी आपण ठरवलेल्या एका चाचणीगटाचं नाव लिहायचं. आमच्या एका भागीदार संस्थेसाठी मी असं केलं. मुख्य फाइलमध्ये:

एसएमटीपीडी_रिस्ट्रिक्शन_क्लासेस = भागीदार
भागीदार = चेक_क्लायंट_ॲक्सेस सीआयडीआर:/ईटीसी/पोस्टफिक्स/भागीदार_आयपी

प्रेषकांच्या यादीत:

एक्झाम्पल.कॉम     भागीदार

आणि तिसऱ्या, म्हणजे आयपींचे पट्टे लिहायच्या सीआयडीआर फाइलमध्ये:

१९२.०.२.१६/२८     ओके

(ही नावं वाचायला सोपी जावीत म्हणून अशी लिहिली आहेत, फाइलमध्ये ती पोस्टफिक्सच्या मूळ रूपातच टाइप करायची.) आता त्या डोमेनच्या नावाने मेल आला की पोस्टफिक्स विचारतो, आयपी या सोळातला आहे का? असेल तर 'ओके'. नसेल तर उत्तर मिळत नाही, 'डनो' (माहीत नाही) समजलं जातं, आणि तो मेल खालच्या चाचण्यांकडे इतरांसारखाच जातो. तोतयाला शिक्षा नाही, पण सवलतही नाही. मला हे फार आवडलं, कारण यात चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते: भागीदाराने उद्या न कळवता आयपी बदलला तर मेल बंद पडत नाही, फक्त नेहमीच्या तपासणीतून जातो.

हे जमतं ते ज्यांचे आयपी मोजके आणि ठरलेले आहेत त्यांच्यासाठी. मोठ्या मेल सेवांमधून पाठवणाऱ्यांचे आयपी शेकड्यांनी असतात आणि तेच आयपी त्या सेवेचे बाकीचे ग्राहकही वापरतात, त्यात स्पॅम पाठवणारेही आले. तिथे एसपीएफ किंवा डीकेआयएम हाच पुरावा. एसपीएफ लिफाफ्यावरच्या डोमेनला विचारतं, हा आयपी तुमच्या वतीने पाठवू शकतो का. डीकेआयएम मेलवरची सही तपासतं. मेल मध्येच कोणी फॉरवर्ड केला तर एसपीएफ मोडतं कारण आयपी बदलतो, सही मात्र मजकुराला हात लागला नसेल तर टिकते. म्हणून दोन्हींपैकी एक जरी खरं निघालं तरी चालेल असं धरणं शहाणपणाचं.

ही दुसरी सवलत मी स्पॅम गाळणीत दिली. आमच्याकडे स्पॅमअसॅसिन आहे. इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: पोस्टफिक्सने दारात दिलेला 'ओके' गाळणीला कळत नाही. ती तिचे गुण स्वतंत्रपणे मोजते आणि मूळ सेटिंगनुसार ५ गुणांना मेल स्पॅम ठरतो. स्पॅमअसॅसिनमध्ये 'व्हाइटलिस्ट फ्रॉम' नावाचा एक सोपा नियम आहे, जो पत्ता जुळला की सरळ उणे १०० गुण देतो. जुन्या सेटिंगमध्ये सगळीकडे तोच होता. तो आतला 'फ्रॉम' हेडरही बघतो, म्हणजे खोटा लिहायला सगळ्यांत सोपी जागा. त्यांची स्वतःची माहितीपुस्तिकाच सांगते की शक्यतो हा वापरू नका. 'व्हाइटलिस्ट ऑथ' हा नियम एसपीएफ किंवा डीकेआयएम खरं निघालं तरच गुण वजा करतो, आणि 'व्हाइटलिस्ट फ्रॉम आरसीव्हीडी' ज्या मशीनकडून मेल आला त्याचं डीएनएस नावही जुळवून बघतो. २०२२ च्या ४.० आवृत्तीपासून या नियमांच्या नावांत 'वेलकमलिस्ट' आलं आहे, काम तेच. मी सगळ्या ओळी 'ऑथ'मध्ये हलवल्या. ज्यांचं एसपीएफही नाही आणि सहीही नाही असे थोडे पाठवणारे उरले, त्यांना तसं कळवलं. काहींनी नोंदी दुरुस्त केल्या. बाकीच्यांसाठी आयपीची वाट होतीच.

जुळणीचे नियमही नीट वाचावे लागतात. पोस्टफिक्स आधी पूर्ण पत्ता शोधतो, मग डोमेन, आणि शेवटी 'नाव ॲट' एवढाच, पुढे डोमेन नसलेला तुकडा. या शेवटच्या प्रकारची 'अकाउंट्स ॲट' अशी एक ओळ यादीत होती. म्हणजे जगातल्या कुठल्याही डोमेनचा अकाउंट्स नावाचा पत्ता माफ. खोट्या बिलांसाठी याहून सोयीचं काही नाही. दुसरं, मूळ सेटिंगमध्ये डोमेन लिहिलं की त्याची सगळी उपडोमेन आपोआप जुळतात, आणि ठिपक्याने सुरू होणारी ओळ मात्र चालत नाही. बरेच जण दोन्ही लिहून ठेवतात. आणि रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे खुणांनी लिहिलेला जुळणीचा नमुना, वापरायचं असेल तर शेवटी डॉलरचं चिन्ह हवंच, नाहीतर आपलं विश्वासू डोमेन पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी डोमेनचा एक तुकडा म्हणून आलं तरी जुळतं. ठिपक्याआधी उलटी तिरकी रेघही हवी, कारण नुसता ठिपका म्हणजे कुठलंही अक्षर. मी रेग्युलर एक्स्प्रेशन काढूनच टाकली. साध्या ओळींनी काम होत असताना तो धोका कशाला.

रिकाम्या पत्त्याचं विसरू नये. परत आलेल्या मेलची सूचना रिकाम्या 'मेल फ्रॉम'ने येते, दोन कोनी कंसांमध्ये काहीच नाही. यादीत नसलेल्या सगळ्यांना नकार अशी कडक रचना करणारे लोक या सूचना अडवून बसतात आणि मग आपला मेल पोचला नाही हेच कळेनासं होतं. रिकाम्या पत्त्याला सवलत द्यायची नाही, पण नुसता रिकामा आहे म्हणून नाकारायचाही नाही.

मग स्वतःचं डोमेन. ती ओळ काढली एवढ्यावर थांबले नाही, उलटी केली: आपल्या नेटवर्कमधून किंवा लॉगिन करून न आलेला, पण लिफाफ्यावर आमचं डोमेन असलेला मेल नाकारायचा. हे लगेच लागू करता येत नाही. आमच्या नावाने बाहेरून रीतसर मेल पाठवणारे कोण कोण आहेत हे आधी शोधावं लागतं. पोस्टफिक्समध्ये 'वॉर्न इफ रिजेक्ट' असा एक शब्द आहे. तो नियमाच्या आधी लिहिला की नकार फक्त लॉगमध्ये 'रिजेक्ट वॉर्निंग' म्हणून उमटतो, मेल आत येतो. तसं ठेवून लॉग वाचत गेले. वेबसाइटचा संपर्क फॉर्म निघाला, तो दुसऱ्याच सर्व्हरवर होता. एक स्कॅनर निघाला. आणि बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवलेला आमचाच मेल तिथून फॉरवर्ड होऊन परत आमच्याकडे येत होता, लिफाफ्यावरचा मूळ पत्ता तसाच ठेवून. फॉर्म आणि स्कॅनरला लॉगिन दिलं. फॉरवर्ड करणाऱ्या त्या एका आयपीला चाचणीगटाच्या वाटेने सूट दिली. इशाऱ्यांमध्ये ओळखीचं काही उरेना, तेव्हा 'वॉर्न' काढलं.

यातही एक पोकळी राहते: आतला 'फ्रॉम' अजून खोटा असू शकतो, लिफाफा वेगळा ठेवून. त्याला पोस्टफिक्सची ही यादी काही करू शकत नाही. ते काम डीएमएआरसीचं. तिथे आतलं डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालेलं डोमेन जुळावं लागतं. आणि आतून होणारी तोतयेगिरी, म्हणजे एकाने लॉगिन करून दुसऱ्याच्या नावाने पाठवणं, त्यासाठी ५८७ पोर्टवर 'सेंडर लॉगिन मॅप्स' लावले: कुठल्या लॉगिनला कुठले पत्ते वापरता येतील याची यादी. एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला तरी निदान त्यावरून लिफाफ्यावर संचालकांचा पत्ता टाकता येत नाही.

तपासणी हाताने केली. 'पोस्टमॅप' या पोस्टफिक्सच्या आज्ञेला क्यू हा पर्याय देऊन एकेक पत्ता विचारता येतो, उत्तरात यादीतली उजवी बाजू मिळते. पण तो फक्त दिलेला शब्द जसाच्या तसा शोधतो. पत्ता, मग डोमेन, मग उपडोमेन असा प्रवास पोस्टफिक्स स्वतः करतो, त्यामुळे पूर्ण पत्त्याला उत्तर मिळालं नाही म्हणून ओळ चालत नाही असं समजू नये. खरी परीक्षा जिवंत संवादात. भागीदाराच्या आयपीवरून आल्यासारखं दाखवायचं तर पोस्टफिक्सची 'एक्सक्लायंट' ही सोय आहे: परवानगी दिलेलं मशीन "मी अमुक आयपी आहे असं समजा" सांगू शकतं. परवानगी फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्याला दिली आणि चाचणी संपताच काढून घेतली, कारण ती उघडी राहिली तर आयपीवर आधारलेलं सगळंच निरर्थक. भागीदाराचं नाव आणि त्याचा आयपी, आत. भागीदाराचं नाव आणि ब्लॉकलिस्टवरचा आयपी, नकार. आमचं नाव आणि परका आयपी, नकार. भागीदाराचं नाव, त्याचाच आयपी, आणि ज्याला पाठवायचं तो पत्ता तिसऱ्याच डोमेनचा: रिलेचा नकार. ही शेवटची चाचणी मी प्रत्येक बदलानंतर करते.

फाइल बदलल्यावर हॅशच्या (झटपट शोधता येईल अशा रूपात बदललेल्या) याद्यांना 'पोस्टमॅप' चालवावं लागतं, नाहीतर पोस्टफिक्स जुनीच प्रत वाचत राहतो. सीआयडीआरच्या फाइलला ते लागत नाही, पण तिथे 'पोस्टफिक्स रीलोड' हवं.

जुन्या यादीतल्या प्रत्येक ओळीला आता वर एक टिपणाची ओळ आहे: कोणासाठी, कुठल्या नकारामुळे, लॉगमधली तारीख, आणि पुन्हा कधी बघायचं. ओळ अजून कामाची आहे का हे कळायला पोस्टफिक्समध्ये एक सोय आहे. नकार लॉगमध्ये आपोआप उमटतात, सवलती उमटत नाहीत; पण 'लॉग ॲक्सेस परमिट ॲक्शन्स' हे सेटिंग चालू केलं की सवलत मिळालेला मेलही नोंदला जातो. ते चालू ठेवलं आणि ज्या ओळी लॉगमध्ये कधी दिसल्याच नाहीत त्यांच्यापुढे आधी '#' चिन्ह टाकून त्या बंद केल्या, मग कोणी काही म्हणालं नाही तेव्हा पुसल्या. फुकट मेलवाल्या मोठ्या कंपन्याही गेल्या, पण वेगळ्या कारणाने: त्यांचे सर्व्हर सहसा सवलतीशिवाय सगळ्या चाचण्या पार करतात. फक्त ग्रेलिस्टिंगमध्ये ते दर वेळी वेगळ्या आयपीवरून पुन्हा येत असल्याने उशीर व्हायचा, म्हणून ग्रेलिस्टिंगच्या स्वतःच्या यादीत त्यांची नोंद ठेवली.

शेवटी राखीव सर्व्हर. डीएनएसमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा एमएक्स, म्हणजे मुख्य सर्व्हर मिळाला नाही तर मेल घेणारा, म्हणून आमचं एक मशीन आहे आणि स्पॅम पाठवणारे मुद्दाम तिथेच जातात, कारण तिथली तपासणी ढिली असते हे त्यांना माहीत असतं. तिथून आलेला मेल मुख्य सर्व्हरला राखीव मशीनच्या आयपीवरून आल्यासारखा दिसतो. ते मशीन आपल्या नेटवर्कच्या यादीत असल्याने त्याला काहीच विचारलं जात नव्हतं. त्याला त्या यादीतून काढलं आणि चाचणीगट, आयपीच्या फाइल, आमच्या पत्त्यांची यादी, सगळं जसंच्या तसं तिथे नेलं. मुख्य सर्व्हरवर त्या एका आयपीला आता उलट डीएनएस, ब्लॉकलिस्ट आणि ग्रेलिस्टिंगपुरतीच सूट आहे. यादीत ओळ वाढली किंवा गेली की दोन्हीकडे एकाच स्क्रिप्टने जाते.